पत्रातला कर्ता : एका पैलवानाच्या डोपिंगचं प्रकरण

पहिल्या मसुद्यात कर्ताच नव्हता.

‘सदर द्रव्य माझ्या शरीरात आढळून आले असून ते माझ्या नकळत व अनवधानाने गेलेले असावे.’ डोपिंगच्या, म्हणजे बंदी असलेलं द्रव्य घेतल्याच्या, आरोपाला पैलवानानं द्यायच्या उत्तरातलं हे वाक्य. त्याच्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, ते एका ओळखीच्या वकिलाकडून लिहून आणलं होतं आणि मी ते फक्त ‘जरा नीट करून’ द्यावं, एवढीच अपेक्षा होती. मी हायस्कूलला तीस वर्षं मराठी आणि शारीरिक शिक्षण असे दोन्ही विषय शिकवले. आठवीच्या पेपरात ‘खालील वाक्यातील कर्ता ओळखा’ हा दोन मार्कांचा प्रश्न मी दरवर्षी घालायचो. या वाक्यात द्रव्य होतं, शरीर होतं, आढळणं आणि जाणंही होतं. माणूस मात्र कुठंच नव्हता.

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातलं, विटा-पलूस पट्ट्यातलं. पैलवान आणि त्याचे वडील यांना विचारून लिहितो आहे. गाव, तालीम, स्पर्धा आणि साल मुद्दाम वगळलं आहे, काही तपशील ओळख पटू नये म्हणून फिरवले आहेत. जे घडलं त्याचा क्रम तोच ठेवला आहे.

वजन

पोरगा तेवीसचा. घरची दीड एकर द्राक्षबाग, थोडा ऊस, एक मुऱ्हा म्हैस फक्त त्याच्या दुधासाठी. आठवीत असताना मीच त्याला जत्रेतल्या रेवड्यांवरच्या कुस्तीला उभं केलं होतं. पुढं तालमीत गेला. एकलंगीचा डाव चांगला, घिस्सा त्याहून चांगला, आणि दम असा की समोरचा सहाव्या-सातव्या मिनिटाला तोंड उघडून श्वास घ्यायला लागायचा तेव्हा हा नुकता तापलेला असायचा. वजन ७९ किलो.

आणि अडचण नेमकी तीच होती. महाराष्ट्र केसरीचा गट ८६ किलोपासून सुरू होतो. त्याखालच्या गटात सुवर्णपदक मिळालं तर गावात बॅनर लागतो, आठवड्यानं उतरतो. गदा, नाव, जीप-बुलेटची बक्षिसं, नोकरीची आशा हे सगळं वरच्या गटात. १९६१ सालचे पहिले महाराष्ट्र केसरी दिनकर दह्यारी सांगलीचे. गणपतराव आंदळकर पुनवतचे, मारुती माने कवठेपिरानचे. या जिल्ह्यात पोरगं शड्डू ठोकायला शिकतं तेव्हा कोणत्या गटाचं स्वप्न बघतं हे सांगायला नको.

शिवाय मैदानाचं अर्थशास्त्र वेगळं असतं. यात्रा कमिटी जोड लावते तेव्हा आता फोनवर फोटो मागते. दोन्ही पैलवानांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पोस्टर होतं. मध्ये इनामाचा आकडा, खाली देणाऱ्याचं नाव. मातीत काय होईल ते नंतर, पण आकडा फोटोवरून ठरतो. खांदे भरलेले दिसले की वीस हजाराची कुस्ती पन्नासावर जाते. ७९ किलोच्या पैलवानाला कितीही डाव येत असोत, पोस्टरवर तो ‘बारीक’ दिसतो.

मैदानी कुस्तीला आपण कधी व्यावसायिक म्हणत नाही, पण इनामावर घर चालवणारा पैलवान व्यावसायिकच असतो. टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीला नावं ठेवताना आपण हे विसरतो. तिथं निकाल आधी ठरलेला असतो, म्हणून विकायला उरतं ते शरीर. आमच्याकडं निकाल खरा असतो, पण मातीत उतरण्याआधी विकलं जातं ते शरीरच. या पोराच्या खोलीत लहानपणी हल्क होगनचं पोस्टर होतं, त्याच्या थोरल्या चुलतभावानं लावलेलं. त्या होगननं १९९१ साली टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितलं होतं की स्टेरॉईड, म्हणजे स्नायू वाढवणारं औषध, घेतलं ते दुखापतीपुरतं. त्याच वर्षी त्या कुस्तीगीरांना माल पुरवणारे डॉक्टर झाहोरियन दोषी ठरले. १९९४ साली त्या कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमहन याच्यावर खटला उभा राहिला. तिथं होगनला साक्षीच्या बदल्यात कारवाईतून सूट होती. शपथेवर तो बोलला की वर्षानुवर्षं घेत होतो, आणि मालकानं घे म्हणून सांगितलं नव्हतं. मालक निर्दोष सुटला. खरं बोललं गेलं, पण बोलल्यावर काही होणार नाही याची हमी मिळाल्यावरच.

सुई

दिवाळीनंतर पोरगा गावाबाहेरच्या एका जिममध्ये जाऊ लागला. तिथं तालमीतलाच एक जुना पैलवान होता. त्यानं ‘कोर्स’ सांगितला. आठवड्याला एक, तेलातलं इंजेक्शन, ‘डेका’. औषधाचं नाव नँड्रोलोन डेकॅनोएट. हाडं ठिसूळ झालेल्या किंवा खंगलेल्या रुग्णाला डॉक्टर देतात ते. चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा नियम आहे. चिठ्ठी कुणीच मागितली नाही.

इथं एक गोष्ट बाजूला सांगतो. आमच्या पट्ट्यात दुसरंही एक इंजेक्शन फिरतं, मेफेंटरमाइन. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब पडला तर तो वर आणायचं औषध. पोरं ते मेहनतीआधी मारतात, हृदय धडधडायला लागतं आणि जोर जास्त निघतात. पोलिसांनी राज्यात ठिकठिकाणी त्याचे साठे पकडले आहेत. या पोरानं ते घेतलं नव्हतं आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! ‘मी नशा केली न्हाई सर, मी फक्त कोर्स मारला.’ पोरांच्या जगातही पायऱ्या असतात.

फेब्रुवारीअखेर वजन ९१.

शरीरात काय झालं ते मिरजेच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं, आणि आमच्या दुष्काळी पट्ट्याला कळेल असं समजावलं. पुरुषाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनतं ते मेंदूच्या हुकमावर. बाहेरून तशाच जातीचं द्रव्य येऊ लागलं की मेंदू हुकूम देणं थांबवतो. दारात रोज टँकर येत असेल तर विहिरीवरची मोटर कोण चालू करतं? वर्षभर पडून राहिलेली मोटर टँकर बंद झाल्या दिवशी चालू होते का? कधी महिन्यांनी होते, कधी वर्षानं, कधी बाहेरून दुरुस्ती लागते. तोवर अंगात पाणी नाही. म्हणजे अशक्तपणा, उदासी, इच्छा नाही, वीर्यात शुक्राणू नाहीत किंवा नावाला आहेत. त्याखेरीज चांगलं कोलेस्टेरॉल तळाला जातं, रक्त दाट होतं, हृदयाची भिंत जाड होते. स्नायू महिन्यात वाढतो पण त्याला हाडाशी बांधणारी दोरी त्या वेगानं वाढत नाही, म्हणून खांदा आणि छातीची दोरी तुटते ती अशाच पैलवानांची. तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या वरून यकृतालाही धरतात.

पोरानं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, मुलं होतील का. लग्न ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, बहुतेकदा होतं सगळं पूर्ववत, पण मी कागदावर लिहून देणार नाही.

आणखी एक खूण होती जी आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. तो विहिरीवर शर्ट काढेनासा झाला होता. पैलवान, आणि उन्हाळ्यात विहिरीवर अंगात शर्ट! एका बाजूला छातीत गाठ आली होती, बाईसारखी. मैदानात उतरताना तो शेवटच्या क्षणापर्यंत टॉवेल खांद्यावर धरून ठेवायचा. आम्हाला वाटलं, ऐट आली.

मार्च ते मे त्यानं मैदानं गाजवली. साताऱ्याकडं माण-खटावात दोन, आमच्याकडं चार. पोस्टरवरचा आकडा एकदा लाखावर गेला. त्या कुस्तीनंतर गावात सत्कार झाला आणि मी भाषण केलं. ‘हे दुधातुपाचं बळ आहे, मातीतलं बळ आहे,’ असं मी बोललो. नारळ मीच दिला. हे वाक्य या प्रकरणाच्या कागदांत कुठं येत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

बाटली

जूनमध्ये राज्याबाहेर एका राष्ट्रीय स्पर्धेत त्याची चाचणी झाली. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण गावात यावरून भलभलत्या कथा पसरल्या.

कुस्ती संपल्यावर एक माणूस येतो, कागदावर सही घेतो आणि तिथून पुढं सावलीसारखा सोबत राहतो. किट पैलवानानं स्वतः निवडायचं असतं. लघवी किमान ९० मिली, आणि ती करताना समोर माणूस उभा. मग तीच लघवी दोन बाटल्यांत ओततात, ‘ए’ आणि ‘बी’. झाकण एकदा लागलं की फोडल्याशिवाय निघत नाही. म्हणजे ‘बी’ नमुना ही दुसऱ्या दिवशीची दुसरी लघवी नव्हे. तात्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की ‘बी’ मागितला की पोरगा पुन्हा एकदा, आता स्वच्छ झालेल्या अंगानं, चाचणी देईल आणि सुटेल. अर्ध्या गावाला तसंच वाटत होतं.

फॉर्मवर गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि पूरक आहार लिहायची जागा असते. त्यानं लिहिलं, प्रोटीन पावडर, बदाम. त्या सात दिवसांपुरतं ते खरंही होतं. शेवटची सुई चार महिन्यांपूर्वीची. जिमवाल्यानं सांगितलं होतं, तीन आठवड्यांत सगळं निघून जातं. ताकद निघून जाते, हे खरं. पण तेलातलं नँड्रोलोन स्नायूत साठा करून बसतं आणि त्याच्या खुणा लघवीत कित्येक महिने सापडतात. अंगातली ताकद उतरत होती आणि बाटलीत खुणा सापडल्या, दोन्ही एकाच वेळी.

चाचणीत नँड्रोलोन सापडल्याचं पत्र ईमेलवर आलं. ईमेल त्याच्या नावाचा, पण पासवर्ड महा ई-सेवा केंद्रातल्या पोराकडं. स्पर्धेची नोंदणी त्यानंच केली होती. पहिलं पत्र नऊ दिवस तसंच पडून होतं.

गावात बातमी फुटल्यावर पहिला परिणाम काय झाला असेल? आईनं आजीचा दम्याचा पंप लपवून ठेवला. त्यावर ‘स्टेरॉईड’ लिहिलंय असं कुणीतरी तिला वाचून दाखवलं होतं. म्हातारी रात्रभर धापा टाकत बसली. दम्याच्या पंपातलं स्टेरॉईड निराळ्या कुळातलं, सूज कमी करणारं, त्यानं दंड फुगत नाही, हे सांगायला मला सायकलवरून जावं लागलं. नाव एकच असलं की माणसं एकाच दोरीनं बांधली जातात.

वीस दिवस

नियम असा आहे. ज्या द्रव्यावर बंदी आहे ते शरीरात सापडलं की दोष सिद्ध. ते कसं गेलं, कुणी दिलं, हेतू होता की नव्हता, हे सगळं शिक्षा ठरवताना बघतात. दोष ठरवताना नाही. आपल्या शरीरात काय जातं याची जबाबदारी खेळाडूची स्वतःची. आता २०२२ चा राष्ट्रीय कायदाही आहे, पण या वाक्याचं मूळ जागतिक डोपिंगविरोधी संहितेत आहे. नँड्रोलोनसारख्या द्रव्याला बंदी चार वर्षं. आरोपाची नोटीस मिळाल्यापासून वीस दिवसांत आरोप मान्य करून शिक्षा स्वीकारली, तर एक वर्ष कमी. आणि पुरवठादार पकडायला खरी मदत केली तर आणखी सूट मिळू शकते.

त्या वीस दिवसांत पोराच्या घरी तीन गट पडले.

तात्यांचा गट, कुणीतरी घातपात केला. त्यांच्याकडं उदाहरण तयार होतं, नरसिंग यादव. तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर मेथँडिएनोन सापडलं, जेवणात मिसळलं असं सांगितलं, आणि देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेनं सोडलंही! मी त्यांना पुढची गोष्ट सांगितली. जागतिक डोपिंगविरोधी संस्था आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडं गेली. घातपाताला पुरेसा पुरावा नाही म्हणून १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी लागली. तात्या म्हणाले, ‘मंजी दिल्लीत सुटला आन् तिकडं धरला. आपण कुठं तिकडं जातोय?’

वस्तादांचा गट, डबा. प्रोटीनच्या डब्यातच भेसळ होती म्हणायचं. भेसळ होते हे खोटं नाही, पण मग डबा दाखवावा लागतो, पावती दाखवावी लागते, त्याच लॉटचा सीलबंद डबा तपासावा लागतो. वस्ताद म्हणाले, ‘डबा मिळंल.’ कुठून मिळंल ते मी विचारलं नाही.

वस्तादांशी मी एकट्यात बोललो. तालमीच्या कट्ट्यावर, संध्याकाळची मेहनत संपल्यावर. हे वस्ताद साधे नव्हेत. पठ्ठ्याच्या पाठीवर हात ठेवून तो रात्री किती झोपला ते सांगणारा माणूस. मी विचारलं, ‘वस्ताद, बारा किलो कळलं न्हाई?’

‘कळलं की. मला वाटलं दूध लागलं अंगाला.’

हौद्यात पोरं माती सारखी करत होती. ते बराच वेळ तिकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘वाटलं न्हाई सर. वाटून घेतलं.’

या प्रकरणात कुणी काय चुकलं याची यादी मी अनेकदा मनात केली आहे. त्या यादीत इतकं नेमकं क्रियापद दुसऱ्या कुणी वापरलं नाही.

तिसरा गट एकट्याचा, पोराच्या वडिलांचा. ते आठ दिवस काहीच बोलले नाहीत. बागेत छाटणीचे दिवस होते. नवव्या दिवशी रात्री सगळे बसलेले असताना तात्या पुन्हा ‘देणाऱ्यानं दिलं, पोराला काय ठावं’ म्हणाले. तेव्हा ते बोलले. मी शक्य तेवढं त्यांच्या शब्दांत देतो.

‘धा सालची गोष्ट हाय. आपला माल युरोपला जायाचा. कंटेनर गेलं आन् तिकडं रेसिड्यूत धरलं. लिहोसीन सापडलं. आपण वेलीची वाढ रोखाया मारतो ते. तिकडं ते तपासणार हाईत हे आमाला कुणी सांगितलंबी नव्हतं. दुकानदारानं दिलं, सल्लागारानं लिहून दिलं, समद्यांनी मारलं. माल परत. तवा आमी काय म्हणालो? दुकानदाराला धरा, सल्लागाराला धरा. तिकडच्यानं एकच इचारलं, प्लॉट नंबर कुणाचा?’

थोडं थांबून म्हणाले, ‘आमाला तर ठावं नव्हतं, तरी माल आमचाच परत आला. ह्याला तर ठावं होतं.’

२०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या, म्हणजे लिहोसीनमधल्या द्रव्याच्या, अवशेषांवरून भारतीय द्राक्षं युरोपात अडकली, हा सगळा नाशिक-सांगली पट्ट्याचा अनुभव आहे. तेव्हापासून इथला शेतकरी फवारणीची वही ठेवतो, काढणीच्या किती दिवस आधी काय बंद करायचं ते तोंडपाठ म्हणतो. जागतिक डोपिंग संहितेतलं जे कलम वकिलाला आणि मला पटवून देता येत नव्हतं, ते वडिलांना बागेतून आधीच माहीत होतं. पेटीवर ज्याचं नाव, त्याचा माल.

दुसरा मसुदा

पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडं आला. म्हणाला, ‘सर, लिवा. इंजेक्शन दिलं गेलं आसं लिवा.’

मी म्हणालो, कुणी दिलं?

‘मला दिलं.’

ते ‘मला’ आहे रे, कर्ता कुठाय?

इतक्या गंभीर गोष्टीत मी व्याकरण काढलं याचं त्याला हसू आलं. आठवीतही त्याला या प्रश्नाचे दोन मार्क कधी मिळाले नव्हते. शेवटी पेन त्याच्याच हातात दिलं. त्यानं लिहिलेलं पत्र असं आहे. इंग्रजी भाषांतर नंतर झालं, सही या मराठीवरच आहे.

‘मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वजन वाढवण्यासाठी नँड्रोलोनची इंजेक्शनं घेतली. ती कसली आहेत ते मला माहीत होतं. त्यावर बंदी आहे हेही माहीत होतं. चाचणीपर्यंत निघून जातील असं मला वाटलं. माझ्या वस्तादांनी मला घ्यायला सांगितलं नव्हतं. मी आरोप मान्य करतो.’

‘मी इंजेक्शनं घेतली.’ मराठीची गंमत बघा. कर्ता ‘मी’, पण क्रियापद ‘मी’चं ऐकत नाही, इंजेक्शनांचं ऐकतं. ‘घेतली’. कर्मणी प्रयोग. ज्यानं केलं तो वाक्यात असतो, पण वाक्याची चाल ठरवतं ते केलेलं कर्म. वर्गात शिकवताना हे मला कधी सुचलं नव्हतं.

‘वस्तादांनी सांगितलं नव्हतं’ हे वाक्य त्यानं आपणहून घातलं. खरं आहे ते, पण अपुरं आहे. मी काही बोललो नाही.

आमचं बिनसलं ते पुढच्या प्रश्नावर. देणाऱ्याचं नाव. ते लिहिलं असतं तर शिक्षा आणखी कमी होण्याची वाट होती. त्याहून मोठं म्हणजे त्या जिममध्ये त्या घडीला तालमीतली आणखी पोरं जात होती, त्यातलं एक सतरा वर्षांचं. सतराव्या वर्षी हाडांची वाढ पुरी झालेली नसते. असली द्रव्यं ती वेळेआधी बंद करून टाकतात. मी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘माझं मी लिवलं. त्येचं त्येनं लिवावं.’

ऐकायला मर्दानी वाटतं. गावातही त्याचं कौतुक झालं, ‘पोरानं सोताच्या अंगावर घेतलं, दुसऱ्याला गुतवलं न्हाई.’ मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पोराची मान मोडली तेव्हा जिममधल्या त्या जुन्या पैलवानानंच त्याला रात्री जीपमध्ये घालून सांगलीला नेलं होतं, हे मला माहीत आहे. त्याच्या घरी तो जेवला आहे. पण उपकार फेडायला सतरा वर्षांचं पोर द्यायचं का? जबाबदारी घेणं आणि तोंड बंद ठेवणं यांत आमच्या तालमींनी फार पूर्वीच गल्लत करून ठेवली आहे, आणि ती गल्लत सगळ्यांनाच सोयीची आहे. मी स्वतः त्या सतरा वर्षांच्या पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईनं चहा दिला, बापानं ऐकून घेतलं. पुढं ते जिम सोडल्याचं कळलं. दुसऱ्या जिमला लावलं असेल तर मला माहीत नाही.

शिक्षा, आणि त्यानंतर

तीन वर्षं. स्पर्धेतला निकाल रद्द, पदक परत. लग्न मोडलं नाही. मुलीकडच्यांना डोपिंग म्हणजे काय ते नीट कळलं नाही आणि कुणी समजावलंही नाही. हे चांगलं झालं की वाईट, मी सांगू शकत नाही. वर्षभरानं रिपोर्ट बरेच सुधारले. छातीतली गाठ मात्र ऑपरेशन करून काढावी लागली. वजन ८१ वर आलं आहे.

एक गोष्ट त्यानं कुणाला न सांगता केली. ज्यांना त्या तीन महिन्यांत पाडलं त्यांतल्या एकाच्या घरी, माण तालुक्यात, मोटारसायकलवरून गेला. त्या कुस्तीत समोरच्याचा खांदा निखळला होता, हंगाम गेला होता. हा जाऊन उंबऱ्यात उभा राहिला आणि जे होतं ते सांगितलं. मी विचारलं, तो काय म्हणाला?

‘कायबी न्हाई. आत बोलावलं. जेवाय वाढलं. मग अंगणात येऊन हळूच इचारलं, किती एमएलचं मारत हुतास?’

हे सांगताना तो हसला नाही. मीही नाही.

२०२२ साली मोठ्या संख्येनं चाचण्या करणाऱ्या देशांत सापडणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यांत जास्त भारतात होतं, शंभर नमुन्यांमागं तीनच्या वर. पण हा आकडा बाटलीपर्यंत पोचलेल्यांचा. गावच्या मैदानात कुणी बाटली घेऊन येत नाही. तिथं हलगी वाजते, निवेदक घसा ताणतो, पंच जोड बघतात, आणि रात्री फोकसच्या उजेडात अंगं चमकतात. त्या माणच्या पोराचा प्रश्न तिथून आला होता.

वस्तादांनी तालमीत एक बदल केला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वजनकाटा ठेवतात आणि वहीत लिहितात. फवारणीच्या वहीसारखी वही. कल्पना पोराच्या वडिलांची. गेल्या महिन्यात मी ती चाळली. एका नावापुढं दोन महिन्यांत सहा किलो वाढ होती आणि समोर वस्तादांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘विचारलं.’ उत्तर लिहिलेलं नव्हतं.

बंदी संघटनेच्या स्पर्धांना आहे. गावच्या जत्रेचं मैदान त्यात येत नाही, हे यात्रा कमिट्यांना वकिलांच्या आधी कळतं. यंदा चैत्रात एका कमिटीचा फोन आला तेव्हा मी तिथंच बसलो होतो. फोन स्पीकरवर होता.

‘पैलवान, बंदी मॅटवर हाय, मातीवर न्हाई. जोड लावू का?’

‘इनाम किती?’

‘पंच्याहत्तर. पण फोटो जुनाच लावणार बगा, आत्ताचा न्हाई चालायचा.’

तो बराच वेळ फोनकडं बघत राहिला. मग म्हणाला, ‘कळवतो.’

जत्रा अकरा दिवसांवर आली आहे. त्यानं अजून कळवलेलं नाही, आणि कमिटीनं पोस्टर छापायला दिलं आहे.